गांवाचें अंगण



आपल्या कोंकणांतील घराचें वर्णन करावयास बसलें तर ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर एवढ्यानें तें पुरें होत नाहीं. पुढें अंगण असल्यावांचून घराला घरपण येत नाहीं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एखाद्या वाडींत जाऊन पाहावें. शेणानें सारवलेलें अंगण, कडेला एक-दोन फुलझाडें, उन्हांत घातलेली नाचणी, एका बाजूस टेकलेले आजोबा आणि त्यांच्याभोंवतीं धांवणारीं नातवंडें, हें दृश्य तेथें अद्याप दिसतें. अंगण म्हणजे घरांतील बिनछपराची खोली होय. घरचें लग्न तेथें लागतें, आजारांतून उठलेल्या माणसाची बाज प्रथम तेथें निघते, आणि वाटेनें जाणारायेणारा तेथें बसलेल्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. आरोग्य आणि राखण हीं दोन्ही कामें अंगण न बोलतां करीत असतें.

शहरांत मात्र अंगण उरलें नाहीं. महाडसारख्या वाढत्या गांवीं एका घराच्या जागीं दहाबारा बिऱ्हाडांची इमारत उभी राहते, आणि पूर्वीं अंगण होतें तेथें गाड्या उभ्या राहतात. यांत कोणास दोष द्यावा असा माझा हेतु नाहीं. जागा थोडी आणि माणसें पुष्कळ, असा हा व्यवहार आहे. परंतु जी गोष्ट एकट्यादुकट्यास परवडत नाहीं ती सर्वांनीं मिळून करावी, हा समाजाचा जुना नियम आहे. घरोघर विहीर नसते म्हणून गांवास नळ हवा. घरोघर वैद्य नसतो म्हणून गांवास दवाखाना हवा. त्याच न्यायानें घरोघर अंगण उरलें नाहीं, तर गांवास एक सामाईक अंगण हवें. सार्वजनिक बाग म्हणतात ती हीच. ती मोठ्या शहरांची हौस आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः दवाखाना आणि पोलीसचौकी यांच्या पंक्तीस बसणारी ती गरज आहे. मात्र गांवांतील प्रत्येकाचें पाऊल तेथें पडलें तरच ती आपलें काम करूं शकते. एवढी एकच गोष्ट या लेखांत मला सांगावयाची आहे.

गेल्या वर्षीं मीं आठवीच्या वर्गास ‘माझी संध्याकाळ’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. भाषा तपासावी एवढ्याच हेतूनें मी वह्या घेऊन बसलें. परंतु वाचतां वाचतां लाल पेन्सिल बाजूलाच राहिली. एकानें लिहिलें होतें कीं, आम्ही जिन्याखालच्या जागेंत चेंडू खेळतों आणि तळमजल्यावरचे आजोबा ओरडले म्हणजे थांबतों. दुसरा रस्त्याच्या कडेस खेळतो. गाडी दिसली कीं सर्वांनीं मोठ्यानें ओरडावयाचें, हा त्यांच्या खेळाचाच एक नियम झाला आहे. पुष्कळांची संध्याकाळ मोबाइलच्या पडद्यापुढें जाते. आणि एका मुलीनें अवघी एक ओळ लिहिली होती : मी खेळत नाहीं, भाऊ खेळतो तें खिडकींतून पाहतें. त्या ओळींत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. या मुलांनीं कोणाविरुद्ध तक्रार केली नव्हती. जी जागा वांट्यास आली तिचें त्यांनीं वर्णन केलें होतें, इतकेंच.

मोकळ्या हवेचें आरोग्याशीं नातें आहे हें आपल्या आजीस कोणतेंही शास्त्र न शिकतां ठाऊक होतें. नगरांच्या कारभाऱ्यांस मात्र तें उमगावयास रोगराई यावी लागली. गेल्याच्या मागच्या शतकांत इंग्लंडांत कारखान्यांचीं गांवें भराभर वाढलीं. दाट वस्ती, कोंदट घरें आणि घाण पाणी यांमुळें पटकीच्या सांथी आल्या. तेव्हां लोकांना श्वास घ्यावयास जागा हवी अशी चळवळ सुरू झाली, आणि १८४७ सालीं लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडील बर्कनहेड या गांवीं लोकांच्या करांतून उभी राहिलेली व सर्वांस खुली अशी एक मोठी बाग झाली. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन गृहस्थानें ती १८५० सालीं पाहिली. श्रीमंतांबरोबर गरीबही त्याच हिरवळीवर त्याच हक्कानें फिरत आहेत, याचें त्यास मोठें नवल वाटलें. पुढें कॅल्व्हर्ट व्हॉक्स या सहकाऱ्यासह त्यानेंच न्यूयॉर्क येथील विख्यात सेंट्रल पार्कची आखणी केली.

आपल्या मुंबईची कथा याहून निराळी नाहीं. १८९६ सालीं तेथें प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतून माणसें पटापट मेलीं आणि हजारों लोक शहर सोडून कोंकणांतील आपापल्या गांवीं परतले. त्यानंतर १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नांवाची संस्था निघाली. तिनें कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याकडे जी नवी वस्ती आंखली तींत बागांसाठीं जागा राखून ठेवली. दादरचें विस्तीर्ण मैदान मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. प्रथम तें माहीम पार्क म्हणून ओळखलें जाई. अवंतिकाबाई गोखले या नगरसेविकेच्या आग्रहानें १९२७ सालीं त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. आज तेथें पहांटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्यांची रांग तुटत नाहीं. एकाच मैदानावर खेळाडू घडतात आणि हृदयविकारांतून उठलेला गृहस्थ डॉक्टरच्या सांगण्यावरून सावकाश फेऱ्या घालतो.

झाडांकडे नुसतें पाहिल्यानेंही देहास गुण येतो, असें कोणी म्हटलें तर आपण त्यास कवि म्हणूं. परंतु हें तपासून पाहिलेलें आहे. रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकानें १९८४ सालीं एका रुग्णालयांतील नोंदी अभ्यासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्यानें निवडले. त्यांपैकीं २३ जणांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं आणि २३ जणांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे रोगी लवकर घरीं गेले, आणि त्यांस वेदनाशामक जालीम औषधें कमी लागलीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांप्रमाणें तुमच्या वयाच्या मुलामुलींनीं रोज सरासरी ६० मिनिटें तरी अंग घामाघूम होईल असें हिंडावें-खेळावें, आणि मोठ्या माणसांनीं आठवड्यास निदान १५० मिनिटें चालणें किंवा तत्सम व्यायाम करावा. मधुमेह आणि रक्तदाब हे विकार आतां घरोघर आहेत. डॉक्टर ‘चालत जा’ असें सांगतात. परंतु कोठें चालावें हें त्यांच्या चिठ्ठींत लिहिलेलें नसतें.

केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांत शहरांतील दर माणशीं १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असें सुचविलें आहे. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. पांच माणसांच्या कुटुंबाच्या वांट्यास ५० ते ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारें साडेपांचशें ते साडेसहाशें चौरस फूट इतकी जागा येते. आपल्यापैकीं कित्येकांचें राहतें घरही तेवढें नसेल. याचा अर्थ असा कीं, घराबाहेर आपलें आणखी एक घर असावें, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. ती सरकारी कागदावर लिहिलेली आहे.

यावर कोणी पालक म्हणतील, “बाई, चहूंकडे सह्याद्रीचे डोंगर, रान आणि नदी असतां आपल्या गांवांस बाग कशाला हवी?” प्रश्न योग्य आहे. परंतु रान म्हणजे अंगण नव्हे. गुडघे धरलेल्या आजींस डोंगराची चढण चढतां येत नाहीं. चार वर्षांच्या मुलास नदीच्या कांठीं एकटें सोडवत नाहीं. पावसाळ्यांत वाटा निसरड्या होतात, गवत माजतें आणि विंचूकाटा निघतो. दिवेलागणीनंतर मुलीस कोणी रानाकडे पाठवीत नाहीं. मग होतें असें कीं, डोंगर डोळ्यांसमोर असूनही पाय महामार्गाकडे वळतात. मुंबई-गोवा महामार्ग महाडवरून जातो आणि पोलादपूरलाही लागूनच आहे. पहांटे त्याच्या कडेनें चालणारीं माणसें मी पाहतें. आरोग्यासाठीं घराबाहेर पडलेला माणूस भरधांव ट्रकच्या वाऱ्याशीं खेटून चालतो, यापेक्षां विपरीत तें काय? बाग कोणती म्हणावी याची माझी कसोटी साधी आहे : जेथें लहान मूल आपल्या पायीं जाऊं शकतें, आणि आईची हांक ऐकून काळोख पडण्यापूर्वीं परत येऊं शकतें, ती बाग.

आतां सुरक्षिततेकडे वळूं. बागेचें नांव काढतांच कांहीं सुज्ञ माणसें कपाळास आठ्या घालतात. बाग म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा, तेथें पत्ते आणि बाटल्या, असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच खोटें नाहीं. ओस पडलेल्या बागेची तशी दशा होते. परंतु त्यावर उपाय म्हणून उंच भिंत आणि मोठें कुलूप सुचविलें जातें, तेव्हां माझा मतभेद होतो. भिंतीआड काय चालतें तें कोणास दिसत नाहीं, आणि वाईट कामास तेंच तर हवें असतें. जेन जेकब्स या विदुषीनें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, रस्त्याची आणि बागेची खरी राखण पोलिसांहून अधिक तेथें वावरणाऱ्या साध्या माणसांची नजर करते. दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरीं निरनिराळ्या कामांनीं माणसें येत राहिलीं तर बाग सुरक्षित राहते. येणाऱ्यांची वर्दळ थांबली म्हणजे तीच बाग धोक्याची होते.

याचा पडताळा अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत घेतला गेला. तेथें पडक्या घरांच्या जागीं कचऱ्यानें भरलेल्या ५४१ ओसाड जागा निवडल्या आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गट केले. कांहीं जागा साफ करून तेथें हिरवळ व थोडीं झाडें लावलीं आणि ठेंगणें लांकडी कुंपण घातलें. कांहीं नुसत्या साफ केल्या. बाकीच्या होत्या तशाच ठेवल्या. २०१८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. हिरव्या केलेल्या जागांच्या आसपास, विशेषतः गरीब वस्त्यांत, बंदुकीचे गुन्हे सुमारें २९ टक्क्यांनीं घटले, आणि शेजारचे लोक पूर्वींपेक्षां अधिक निर्भयपणें घराबाहेर बसूंउठूं लागले. गवत आणि ठेंगणें कुंपण यांत कोणतीही जादू नाहीं. ती जागा कोणाच्या तरी देखरेखीखालीं आहे असें दिसूं लागलें, आणि माणसें बाहेर आलीं.

पवित्र शास्त्रांत जखऱ्या संदेष्ट्यानें उध्वस्त यरुशलेमाच्या भावी सुखाचें चित्र रेखाटलें आहे. त्यांत तट, बुरूज आणि शिपाई यांचा थाट नाहीं. काठी टेकून चौकांत बसलेले वृद्ध स्त्रीपुरुष आहेत, आणि खेळणाऱ्या मुलामुलींनीं भरलेले रस्ते आहेत. नगर सुरक्षित आहे किंवा नाहीं हें ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाहीं. म्हातारीं माणसें आणि मुली ज्या जागीं निर्धास्त बसतात ती जागा इतर सर्वांसही निर्धास्त असते.

परंतु सर्वांनीं यावें असें म्हणणें सोपें आणि सर्वांस येऊं देणें कठीण. या बाबतींत जगानें शिकावा असा धडा आपल्या महाडांतच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मंजूर झाला. सरकारी खर्चानें चालणारे किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. ठराव झाला खरा. परंतु तीन वर्षें तो दप्तरांतच राहिला. तळ्याकडे जाण्याची हिंमत कोणास होईना.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपला रायगड जिल्हा तेव्हां कुलाबा या नांवानें ओळखला जाई. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांसारखे स्पृश्य समाजांतील सहकारीही परिषदेच्या पाठीशीं होते. २० तारखेस सारा समुदाय शिस्तीनें चालत चवदार तळ्यावर गेला, आणि बाबासाहेबांनीं व त्यांच्यामागून इतरांनीं तेथील पाणी ओंजळीनें प्राशन केलें. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळें ‘शुद्ध’ करण्याचा विधि झाला, आणि ऑगस्ट १९२७ मध्यें नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरवावयाची झाली तेव्हां तिच्यासाठीं गांवांत जागा मिळेना. अखेर फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थांनीं आपली जमीन दिली. तळ्याचा वाद न्यायालयांत दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला, आणि तळें सर्वांचें ठरलें.

ही हकीकत पाठ्यपुस्तकांतून तुम्हांस माहीत आहे. आजच्या विषयाच्या अनुरोधानें तिच्यांतील दोनच गोष्टींकडे मी तुमचें लक्ष वेधतें. पहिली ही कीं, जागेवर ‘सार्वजनिक’ अशी पाटी लागल्यानें ती सार्वजनिक होत नाहीं. सर्वांचीं पाउलें तेथें पोहोंचलीं म्हणजे होते. दुसरी ही कीं, हजारों माणसांस एकत्र जमावयाचें झालें आणि गांवांत त्यांना उभें राहूं देणारें सामाईक मैदान नसलें, तर एका माणसाच्या उदारपणावर सर्व भिस्त राहते. फत्तेखान यांचे उपकार मोठे. परंतु नागरिकाचा हक्क कोणाच्या उपकारावर अवलंबून असूं नये.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमानें विहिरी, तळीं, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत जात, धर्म, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणासही अडवितां येत नाहीं. कायद्यानें फाटक उघडलें आहे. तथापि कुलूप न लावतांही फाटक बंद राहूं शकतें. पायऱ्या उंच असल्या आणि उतरती वाट नसली, कीं म्हातारा माणूस व चाकांच्या खुर्चींतील मूल बाहेर राहतें. स्वच्छतागृह नसलें कीं स्त्रिया बाहेर राहतात. दिवे नसले कीं सातनंतर मुली बाहेर राहतात. सारें मैदान मोठ्या मुलांच्या क्रिकेटनें व्यापलें कीं लहानगीं कडेला उभीं राहतात. बिरवाडीकडच्या कारखान्यांतून पाळी संपवून येणाऱ्या कामगारास ज्या वेळीं सवड असते, नेमकी त्याच वेळीं बाग बंद असली तर तीही एक बंदीच होय. म्हणून बाग आंखतांना प्रथम विचारावा असा प्रश्न ‘काय लावावें’ हा नसून ‘कोण येऊं शकणार नाहीं’ हा आहे.

आपल्या भागास आणखी एका कारणानें मोकळ्या जागेची गरज आहे, आणि तें कारण आपणां सर्वांच्या घरांत शिरून गेलेलें आहे. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते, पोलादपूरवरून उतरत महाडास येते, गांधारी तिला येथें मिळते, आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास जाते. वर पाऊस कोसळला आणि त्याच सुमारास खालून भरती आली, म्हणजे पाण्यास उतरावयास वाट राहत नाहीं. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरास २३ तारखेच्या सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि महाडचे तळमजले बुडाले. त्याच पावसांत २२ जुलै रोजीं तळीये येथें डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेंही दरडींनीं बळी घेतले. त्यापूर्वीं २५ जुलै २००५ रोजीं जुई, दासगांव, रोहण आणि कोंडिवते येथें दरडींखालीं दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं होतीं.

बाग असती तर डोंगर थांबला असता असें मी म्हणणार नाहीं. तसें म्हणणें गेलेल्यांची थट्टा होईल. दरडीच्या गांवांस सुरक्षित जागीं घरें हवींत. परंतु दोन गोष्टी बागेकडून होण्यासारख्या आहेत.

पहिली, नदीस पसरावयास जागा देणें. हॉलंड देशांत १९९३ आणि १९९५ सालीं मोठे पूर आले. १९९५ सालीं सुमारें अडीच लक्ष लोकांस घरें सोडावीं लागलीं. तोंवर ते लोक दर पुरानंतर बांध उंच करीत आले होते. आतां त्यांनीं निराळा विचार केला. नायमेगेन या शहरापाशीं नदीचा बांध ३५० मीटर मागें घेतला, नदीस दुसरा प्रवाह खोदून दिला, आणि दोन प्रवाहांमध्यें जें बेट झालें तेथें व कांठावर लोकांसाठीं बाग केली. पूर आला कीं बाग पाण्यास वाट देते आणि पाणी ओसरलें कीं पुन्हा लोकांची होते. आपल्याकडेही नदीकांठच्या सखल जागीं घरें आणि दुकानें उठविण्याऐवजीं करंज, अर्जुन, उंबर अशीं पाण्यांत टिकणारीं आणि मुळांनीं कांठ धरून ठेवणारीं झाडें लावून बाग केली तर? बागेंत पूर आला तर दोनचार बांकांवरचा चिखल धुवावा लागतो. घरांत आला तर संसार धुवून जातो.

दुसरी गोष्ट, संकटकाळीं उभें राहावयास ठिकाण. १ सप्टेंबर १९२३ रोजीं जपानची राजधानी तोकियो भूकंपानें हादरली आणि मागाहून आगीनें जळाली. एक लाखाहून अधिक माणसें मेलीं. लाखों लोकांनीं उएनो बागेसारख्या मोकळ्या जागांत आश्रय घेतला आणि ते वांचले. परंतु एका उघड्या मैदानांत सामानसुमानासह दाटीनें जमलेल्या सुमारें ३८,००० लोकांस मात्र आगीनें गांठलें. नुसती जागा मोकळी असून भागत नाहीं, तिची आखणी लागते, हा धडा त्या लोकांनीं मनावर घेतला. शहर पुन्हा बांधतांना त्यांनीं तीन मोठ्या बागा केल्या, आणि ५२ लहान बागा प्राथमिक शाळांना लागून केल्या. संकट येईल तेव्हां आईबाप मुलांकडेच धांव घेणार, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपल्याकडेही एखाद्या शाळेशेजारीं उंच आणि भक्कम जागीं, दरडीच्या छायेपासून दूर, अशी बाग असावी. तेथें पाण्याची टांकी असावी, पावसांत टेकावयास पक्कें छप्पर असावें, आणि वीज गेली तरी जळेल असा दिवा असावा. रोज संध्याकाळीं त्या वाटेनें खेळावयास गेलेल्या मुलास पुराच्या रात्रीं वाट शोधावी लागणार नाहीं. त्याचे पाय त्यास नेतील, आणि त्याच्यामागून घरचीं माणसें जातील.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, आपल्या वस्तीजवळ जी कोणती बाग अथवा मैदान असेल तेथें आठवड्यांतून निदान दोन सायंकाळीं घरच्या सर्वांसह जावें, आणि मुलाबरोबर मुलीसही न्यावें. नगरपालिकेनें अथवा पोलादपूरच्या नगरपंचायतीनें जागेचा आराखडा मांडला म्हणजे त्यावर सूचना व हरकती मागविण्यांत येतात. त्या वेळीं ‘बागेसाठीं राखीव’ असें कोणत्या भूखंडावर लिहिलें आहे तें स्वतः जाऊन पाहावें. राखीव जागा बहुधा एका दिवसांत नाहींशी होत नाहीं. कोणी पाहत नसलें म्हणजे ती हळूहळू नाहींशी होते.

विद्यार्थ्यांस या सुटींत एक काम देतें. कागदावर आपल्या गल्लीचा किंवा वाडीचा नकाशा काढा. त्यांत सांवली देणारें प्रत्येक झाड, बसावयास असलेली प्रत्येक जागा, रात्रीं जळणारा आणि न जळणारा प्रत्येक दिवा दाखवा. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास आणि सर्वांत लहान मुलास विचारा कीं, तुम्हांस चालत कोठवर जातां येतें. तेवढ्या अंतराची रेघ नकाशावर ओढा. २०२१ च्या पुराचें पाणी कोठवर आलें होतें तें वडिलधाऱ्यांस विचारून निळ्या पेन्सिलीनें दाखवा. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां हे नकाशे आपण भिंतीवर शेजारीं शेजारीं लावूं. मग गांवाचें अंगण कोठें हवें, तें कोणासही न विचारतां आपणांस दिसेल. आणि अर्ज लिहावयास मी तुम्हांस मदत करीन.